न लागणारा कागद

हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, सोसायटीत नाही, रोज कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला तर नाहीच — त्याच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकून झाल्यावर माझ्याविषयी काय म्हणायचं ते खुशाल म्हणा.

वरवर पाहिलं तर गोष्ट क्षुल्लक आहे. मोशीतल्या एका सोसायटीत एका म्हाताऱ्या गृहस्थांना गच्चीवर सोलर पॅनेल बसवायची होती, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने, म्हणजे मी, ना-हरकत पत्र द्यायला उशीर केला. बस, एवढंच. असे उशीर करणारे सेक्रेटरी आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. मग मी एवढे आढेवेढे का घेतोय? — कारण तो उशीर नव्हताच. उशीर आपोआप होतो. हे मी मन लावून, महिनोन्‌महिने, निगुतीने केलेलं काम होतं.

त्यांना मी इथे देवकर म्हणतो. खरं आडनाव वेगळं आहे.

देवकर आणि त्यांच्या पत्नी सुमनताई चार वर्षांपूर्वी आमच्या सी विंगमध्ये सातव्या मजल्यावर राहायला आले. सातवा म्हणजे शेवटचा. वर थेट गच्ची. सामानाचा टेम्पो आला तेव्हा मी गेटवर रजिस्टर घेऊन उभा होतो. उतरणाऱ्या प्रत्येक खोक्याकडे ते मान किंचित डावीकडे कलती करून बघत होते, आणि त्या मानेवरूनच मी त्यांना ओळखलं. चेहरा नंतर पाहिला. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, हात जोडले, म्हणाले, "सेक्रेटरी का आपण? छान." ओळख? छे. डोळ्यांत काही हललंसुद्धा नाही.

कशी असणार म्हणा? बावीस वर्षांपूर्वी मी चाकणच्या एका कारखान्यात लेथवर कंत्राटी कामगार होतो, जालन्याहून नुकताच आलेला, गालफडं बसलेला. ते फायनल तपासणीचे साहेब. आम्हा कंत्राटी पोरांना तिथे नाव नसायचं, टोकन नंबर असायचा. मी एकशे बारा.

देवकर साहेबांची तपासणीची एक पद्धत होती. शाफ्टचा ट्रे टेबलावर ठेवला की ते एक नग उचलायचे, आणि पहिला दोष सापडला की तिथेच थांबायचे. पुढचं बघायचंच नाही. ट्रे परत. कडेला धातूची बारीक कूस राहिली म्हणून मी ती घासून आणायचो, तर आता व्यासाचं माप चुकलेलं. माप नीट करून आणायचो, तर आता अंगावर ओरखडा. तो ओरखडा पहिल्या फेरीत नव्हता का? होता. त्यांना दिसला नव्हता का? त्या माणसाला सगळं दिसायचं! एकदा मी धीर करून म्हटलं, "साहेब, सगळं एकदाच सांगा की, एका फेरीत करून आणतो." शॉपमधले सगळे कामगार ऐकत होते. ते आवाज न चढवता म्हणाले, "एकदम सांगितलं तर शिकणार कधी तू?" आणि मला तो शाफ्ट हातात धरून लाल पेटीशेजारी — नापास माल टाकायची पेटी असते, तिच्याशेजारी — जेवणाची सुट्टी संपेपर्यंत उभं केलं. लोक डबे उघडत होते. काही हसत होते, आणि जे हसत नव्हते त्यांचा मला जास्त राग येत होता.

दोन महिन्यांनी कंत्राट संपलं. बाकीच्यांची नावं पुढच्या यादीत आली, माझं आलं नाही. शेरा देवकरांच्या अक्षरात होता: कामात सफाई नाही. त्या वेळी माझी सुपारी फुटली होती. मुलीच्या वडिलांनी 'नोकरीचं नक्की झालं की बघू' म्हटलं आणि चार महिन्यांत तिला दुसरीकडे देऊन टाकलं. तसं बघायला गेलं तर माझं काही वाईट झालेलं नाही. पुढे दुसऱ्या कंपनीत लागलो, परमनंट झालो, आज लाइनवर सुपरवायझर आहे. बायको गुणाची आहे. त्या मुलीचा चेहरासुद्धा आता नीट आठवत नाही.

मग बावीस वर्षं कशाला धरून बसलास, असं विचाराल. विचारा. मलाही माहीत नाही. काही माणसांचा राग निवळतो, माझा मुरतो.

तरीही पहिली तीन वर्षं मी काहीही केलं नाही. करायला काही हाताशी नव्हतं, हे खरं कारण. गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला देवकर स्वतःच ते घेऊन माझ्या दारात आले.

सुमनताईंची फुप्फुसं हळूहळू निकामी होत चालली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू. वर स्लॅब तापलेला, त्यांना उकाडा अजिबात सोसत नाही म्हणून एसीही चालू. कंपनीची पेन्शन ती केवढी, आणि विजेचं बिल हे एवढं. सोलरवाला येऊन गच्ची बघून गेला होता, ऊन भरपूर आहे म्हणाला होता. पण गच्ची सगळ्यांची, त्यामुळे सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं. ते जोडल्याशिवाय वीज कंपनीकडे अर्ज पुढे सरकत नाही. हे सगळं ते चष्मा पुसत पुसत मला सांगत होते. अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिलेला, सोबत नकाशा, बिलाची प्रत. मी तो हातात घेतला. आणि — कसं सांगू — माझ्या पोटात गार गार वाटलं. मी अर्ज वरून खाली वाचायला लागलो, पहिला दोष सापडला, आणि तिथेच थांबलो.

"बिल अजून बिल्डरच्या नावावर आहे," मी म्हटलं. "आधी नाव बदलून आणा."

आमच्या भागात निम्म्या फ्लॅटची बिलं बिल्डरच्या नाहीतर आधीच्या मालकाच्या नावावर असतात, कोणी लक्ष देत नाही. सोलरसाठी मात्र ते लागतं. देवकरांनी मान डोलावली. "बरोबर आहे, माझ्या लक्षात यायला हवं होतं." नाव बदलायला तीन आठवडे गेले. ते नवीन बिल घेऊन आले तेव्हा मी इमारतीला पॅनेलचं वजन झेपेल असा इंजिनिअरचा दाखला मागितला. तो आला, तेव्हा गच्ची गळणार नाही याची सोलरवाल्याकडून लेखी हमी. ती आली, तेव्हा सातव्या मजल्यावरच्या बाकी तिन्ही घरांची संमती. त्यातलं एक कुटुंब नाशिकला राहतं.

यातला प्रत्येक कागद रास्त होता, हे लक्षात घ्या. कुठलीही शहाणी सोसायटी हे सगळं मागेल. मला कोणी बोट दाखवू शकत नव्हतं. फक्त मी दोन कागद एकदम कधी मागितले नाहीत. दर वेळी एकच. ते फाइल घेऊन यायचे, प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला. मी पानं उलटायचो, थांबायचो, नवा कागद सांगायचो. ते "बरं" म्हणून लिफ्टकडे वळायचे. आणि मला मजा यायची. खोटं कशाला बोलू? इतकी मजा मला कशात आली नव्हती.

आमचे चेअरमन तात्या, मोशीतल्या जुन्या घराण्यातले, त्यांच्याच शेतावर ही सोसायटी उभी आहे. ते एकदा म्हणाले, "आरं, म्हाताऱ्याला कशापायी फिरवतुयास? काय लागतंय त्ये येकदाच लिवून दे की."

"तात्या, उद्या गच्ची गळाली तर लोक तुमच्याच दारात येतील."

"व्हय, त्ये बी हाय," म्हणून तात्यांनी विषय सोडला. मी बोट ठेवीन तिथे तात्या सही करतात.

एप्रिलमध्ये देवकर दुपारी खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले दिसायला लागले. मांडीवर पेपर, गळ्याभोवती पंचा. वॉचमननेच मला सांगितलं — वर फक्त ताईंच्या खोलीतलं मशीन आणि एसी चालू ठेवतात, हॉलमधला पंखासुद्धा बंद. तो काटकसरीचा त्यांचा उपाय. म्हणजे मला माहीत होतं. हे इथे स्पष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे कधी माझं मलाच वाटायला लागेल की मला कल्पना नव्हती. मला पूर्ण कल्पना होती. त्या खुर्चीवरून जाताना मी थांबायचो, "काका, नाशिकची संमती आली का?" असं विचारायचो, आणि "येईल दोन दिवसांत" हे ऐकून मग वर जेवायला जायचो.

मे महिन्यात त्यांची मुलगी येऊन सुमनताईंना तळेगावला घेऊन गेली. तिचं घर तळमजल्यावर, भोवती झाडं, हवा थंड. "पॅनेल बसेपर्यंत" असं ठरलं होतं. देवकर मात्र गेले नाहीत. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, ही त्यांची जुन्या वळणाची रीत. आजारी बायको राहिली तर गोष्ट वेगळी, आपण धडधाकट माणसाने जावयाच्या दारात पथारी पसरायची नाही. म्हणून ते एक दिवसाआड जायचे. सकाळी इथून बस, चिंचवडहून तळेगावची लोकल, दिवसभर तिच्याजवळ बसायचं आणि संध्याकाळी परत. हातात कापडी पिशवी असायची. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी आपणहून दाखवली — धुऊन घडी केलेली साडी, आणि डब्यात मऊ भात. "माझ्या हातचा खाते ती अजून," म्हणाले.

त्या दिवशी मी ते पत्र देऊन टाकायला हवं होतं, नाही? लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली, मी उतरलो.

नाशिकची संमती आली. कागद सगळे पुरे झाले. आता फक्त वार्षिक सभेत ठराव व्हायचा होता. आणि इथे एक गोष्ट सांगतो, ती माझ्या बाजूने आहे असं समजू नका. त्या सभेत मी प्रकरण संपवणार होतो. पत्र टाइप करून खिशात ठेवलं होतं. पुरे झालं, असं मला आतून वाटायला लागलं होतं. रागसुद्धा कधीतरी दमतो. क्लबहाउसमध्ये सतरंज्या घातलेल्या, साठ-सत्तर माणसं, चहा फिरत होता. विषय निघाला तशी देवकरांनी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली.

"मी तीस वर्षं तपासणी खात्यात काढली," ते म्हणाले. "या सोलरच्या कागदांसाठी सेक्रेटरीसाहेबांनी मला कितीदा तरी परत पाठवलं. तुमच्यातल्या काहींना माझ्यासाठी वाईट वाटलं. मला नाही वाटलं. काम असंच करायचं असतं. असा काटेकोर माणूस माझ्या हाताखाली असता, तर मी त्याला कधी सोडला नसता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

त्या क्षणी माझी जीभ आपोआप वळली, असं म्हणायची सोय आहे. ती मी घेणार नाही. मला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला, कारण टाळ्या बराच वेळ चालल्या होत्या. मी देवकरांचे ते सुरकुतलेले हात बघत होतो, ती कलती मान बघत होतो, आणि मनात म्हणत होतो — सोडला नसता? तुम्हाला आठवतसुद्धा नाही? माझं वय, माझं लग्न, माझं ते अख्खं वर्ष तुमच्या एका शेऱ्याने मातीत गेलं, आणि तुमच्या डोक्यात त्याची साधी खूणही नाही? शत्रू तरी लक्षात ठेवतो हो!

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "काकांचे आभार. फक्त एक कागद राहिलाय. पालिकेचं ना-हरकत पत्र. ते आलं की आपण लगेच देऊ."

असा कागद नव्हता. गच्चीवर बुटक्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या पॅनेलला तो लागत नाही. तो मी तिथे, सतरंजीवर उभ्या उभ्या, जन्माला घातला. माझ्या खिशात टाइप केलेलं पत्र होतं, त्याला तोवर घाम लागला होता.

देवकर पालिकेत गेले. तिथला कारकून भला माणूस निघाला. त्याने बसवून घेतलं, चौकशी करून सांगितलं की काका, याला आमची परवानगी लागत नाही. ते परत माझ्याकडे. "लागत नाही म्हणतात."

"मग तसं लेखी आणा. तोंडी मी कसं धरू?"

ते पुन्हा गेले. जे लागत नाही, ते लागत नाही असं कोण लिहून देणार? त्या कारकुनाने त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "काका, नसलेल्या गोष्टीचं पत्र कुठल्या शिक्क्याने देऊ?" हे मला देवकरांनीच येऊन सांगितलं, थोडंसं हसत. मग ते अर्ज देऊन पोच घेऊन आले. मग त्या पोचेचं काय झालं ते बघायला गेले. पावसाळा होता, एकदा आले तेव्हा फाइल पोटाशी, शर्टाच्या आत धरलेली होती. फाइल कोरडी होती, ते भिजलेले होते.

"ती विचारते, घरी कधी येऊ," ते दारातच म्हणाले. आत या म्हटलं नव्हतं मी. "मी सांगतो, एकच कागद राहिलाय."

मी म्हटलं, "बघा, लवकर मिळालं तर बरं." आणि दार लावलं.

गणपती उठले, त्यानंतरच्या आठवड्यात सुमनताई तळेगावलाच वारल्या. त्यांचं दुखणंच तसं होतं, डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. पॅनेल असती तर त्या जगल्या असत्या असं मी म्हणत नाही, आणि नसत्या जगल्या असं म्हणून सुटूही बघत नाही. त्यांना आपल्या घरी, आपल्या खोलीत, आपल्या नवऱ्याच्या शेजारी जायचं होतं, आणि त्या परक्या घरी गेल्या. त्या वेळी देवकर तिथे नव्हते. तो त्यांचा तळेगावला जायचा दिवस नव्हता. ते पालिकेत गेले होते.

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप मीच टाकला, सेक्रेटरी म्हणून. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली जोडलेले हात.

आणि आता ते सांगतो. एवढा वेळ मी ज्याच्याभोवती फिरतोय, ते पत्र अडवणं नाहीच. ते तुम्हाला मघाच कळलं. बातमी कळली तेव्हा मला काय झालं, ते सांगायचंय. धक्का? दुःख? पश्चात्ताप? मला बरं वाटलं. छातीत कुठेतरी अडकलेलं सुटावं तसं मोकळं वाटलं. झाली फिटंफाट, असे शब्द मनात आले — अगदी हेच. ती बाई माझ्याशी कधी वावगं बोलली नव्हती. संक्रांतीला माझ्या बायकोला वाण दिलेलं, कधी वाटीभर लोणचं पाठवलेलं. तिचं काय देणंघेणं होतं लाल पेटीशी? काही नाही. तरी मला बरं वाटलं, आणि त्या दिवशी मी आमटी दोनदा मागून घेतली. बायको म्हणाली, "आज भूक चांगली लागलीय." मी हो म्हणालो.

दिवाळीनंतर सोसायटीतल्या पाच जणांनी सोलरसाठी अर्ज केले. तात्यांनी आग्रहच धरला, म्हणून लागणाऱ्या कागदांची यादी टाइप करून मी खाली नोटीस बोर्डावर लावली. नाव बदललेलं बिल, इंजिनिअरचा दाखला, गळतीची हमी, मजल्यावरच्यांची संमती, सभेचा ठराव. संपलं. सहावा कागद मी लिहायचा विसरलो, असं नाही. लिहिला असता तर पाच जणांतल्या कोणीतरी दोन दिवसांत मला खोटं पाडलं असतं. आणि दुसरं कारणही होतं: ती यादी कोण ओळ न्‌ ओळ वाचणार, हे मला ठाऊक होतं.

मी बोर्डाच्या काचेला कुलूप लावत होतो तेव्हा ते बाहेरून आले. थांबले. मान कलती करून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. शेवटाला आले, परत वर गेले, परत खाली आले.

"पालिकेचं पत्र यात नाही," ते म्हणाले.

"लागत नाही ते."

ते माझ्याकडे वळले. मान सरळ होती. त्यांनी इतका वेळ माझ्या तोंडाकडे कधीच पाहिलं नव्हतं, ना कारखान्यात, ना इथे. "मग माझ्याकडे का मागितलंत?"

याच प्रश्नासाठी मी थांबलो होतो. त्याचं उत्तर बावीस वर्षं माझ्या तोंडात होतं. आंघोळ करताना, बसमध्ये, मशीनवर उभ्या उभ्या मी ते शेकडो वेळा बोलून पाहिलं होतं. आणि माझी छाती झाली नाही. ते समोर उभे होते, एकटे, पायात चपला, हातात भाजीची पिशवी, आणि मी त्यांना घाबरलो. हो, घाबरलो. त्या वेळी घाबरायचो तसाच.

"तेव्हा नियम वेगळा होता, काका," मी म्हणालो.

त्यांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग "असेल," म्हणाले आणि लिफ्टचं बटण दाबलं.

त्यांना मी माफ केलेलं नाही, आजही नाही. आणि त्यांच्यावर सूड कोणी उगवला, कशासाठी उगवला, हे त्यांना माहीतही नाही. ते अजून सातव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या डोक्यावरच्या गच्चीत आता पाच घरांची पॅनेल आहेत; त्यांनी अर्ज मागे घेतला. सकाळी मी शिफ्टला निघतो तेव्हा ते फिरून परत येत असतात. हात आधी तेच जोडतात. मग मी जोडतो.